कडक शिक्षक आणि इंग्रजीचा तास

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे वसमतसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे घरी वा बाजारात इंग्रजी बोलणे क्वचितच कानी पडते, मुलाला ही भाषा प्रथम भेटते ती शिक्षकाच्या तोंडून आणि त्याच्या स्वभावासकट. मराठी बव्हंशी लिहावी तशी वाचली जात असल्याने ‘नाइफ’च्या स्पेलिंगमधील मूक ‘के’ उच्चारणे ही खरे तर मुलाची तर्कशुद्ध चूक असते. पण तिच्यावरून शिक्षक खेकसले आणि वर्ग हसला, की तेच मूल सर्वांबरोबर घोकताना खडा आवाज लावते आणि एकट्याला उभे केले की ओठ मिटून घेते. भाषाभ्यासक स्टीफन क्रॅशेन यांनी यासाठी ‘भावनिक गाळणी’ची कल्पना मांडली, म्हणजे भीती वाढली की कानावर पडलेली भाषा मनात झिरपत नाही. अर्थात कडकपणा आणि दहशत एक नव्हेत. वही रोज तपासणारे, नियम सर्वांना सारखेच लावणारे ‘कडक सर’ मुलांना, आणि पालकांना तर विशेषच, अनेकदा हवेसे वाटतात. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मात्र 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने स्पष्ट मनाई केलेली आहे.