रोज कुठली गोळी घेता?

दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत केस पेपर भरताना 'इतर आजार' असा एक रकाना असतो. तिसऱ्या वर्षाची मुलं तिथे बहुतेक वेळा 'काही नाही' लिहितात आणि लगेच दाढेकडे वळतात. मी विदर्भातल्या एका दंत महाविद्यालयात मुखरोगनिदान शिकवते. त्या रकान्यावरून माझं मुलांशी रोज भांडण होतं. त्याच वर्षी त्यांना जनरल मेडिसिन हा विषय असतो. किडनी, थायरॉइड, मधुमेह सगळं पाठ करून ती लेखी पेपर देतात. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला किडनी आहे, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो, कारण डोक्यात दात काढण्याचा कोटा पूर्ण करायची घाई असते.

पेशंट खोटं बोलत नाहीत, आपला प्रश्न चुकतो. "बीपी आहे का?" असं विचारलं की मावशी म्हणतात, "नाही." गोळीने बीपी ताब्यात आहे, म्हणजे त्यांच्या लेखी ते नाहीच. म्हणून मी मुलांना सांगते, आजार विचारू नका, "रोज कुठली गोळी घेता?" असं विचारा. मग पिशवीतून पाकिटं बाहेर येतात. अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, थायरॉक्सिन आणि बऱ्याचदा कुठल्यातरी गावच्या 'दवाखान्या'तली नाव नसलेली पुडी. त्यानंतर आणखी विचारायचं : रात्री लघवीला किती वेळा उठता? संध्याकाळी चप्पल घट्ट होते का?

अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातले एक शेतकरी काका आमच्याकडे आले होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहिरींचं पाणी खारट, आणि किडनीच्या विकारांची तक्रार तिथल्या गावांतून कित्येक वर्षं होते आहे. काकांचं म्हणणं एवढंच होतं, "जेवणाले चव नाही. तोंडात लोखंड धरल्यावानी वाटते. घरचे म्हणतात, वास येते." बाहेर त्यांनी दात साफ करून घेतले होते, माउथवॉशच्या बाटल्या संपवल्या होत्या. विद्यार्थ्याने पुन्हा दात साफ करायचंच लिहिलं. दातांवर कीटण होतंही जाडजूड. पण हिरड्या पार फिकट होत्या, जीभ कोरडी होती, घोट्यांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता, आणि वास सडक्या दाताचा नव्हता, मुतारीचा होता. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन नऊच्या वर. निरोगी पुरुषात ते साधारण १.३ च्या आत असतं.

हा वास येतो कुठून? किडनी निकामी होत गेली की रक्तात युरिया साठतो. रक्तातला युरिया लाळेत उतरतो. तोंडातले काही जिवाणू त्याचं अमोनियात रूपांतर करतात. वास तोच, धातूसारखी चवही बरीचशी त्यामुळेच. काहींच्या जिभेवर आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढरट चट्टे उमटतात, जळजळतात. ते ब्रशने किंवा औषधी गुळण्यांनी जात नाहीत, युरिया खाली आला की आपोआप जातात. यातली एक गोष्ट मुलांना नेहमी चकित करते : लहानपणापासून किडनीचा आजार असलेल्या लेकरांच्या दातांचं एनॅमल अनेकदा कच्चं, पिवळट-तपकिरी असतं, तरी त्यांच्यात कीड कमी आढळते. कीड आम्लावर वाढते, आणि अमोनिया ते आम्ल मारून टाकतो. मात्र वासावर विसंबून राहू नका. तो फार उशिरा येतो, किडनीचं बहुतेक काम थांबल्यावर. त्याआधीची कित्येक वर्षं हा आजार मुका असतो.

फिकट हिरड्यांचं कारण समजलं की पुढचं सगळं समजायला लागतं. किडनी रक्त गाळते हे शाळेत शिकवतात. ती संप्रेरकंही तयार करते, हे कमी लोकांना माहीत असतं. तिच्यातून निघणारं एरिथ्रोपोएटिन अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायचा आदेश देतं. तो आदेश थांबला की रक्त कमी होतं, आणि ते सर्वांत आधी दिसतं ते डोळ्याच्या पापणीत आणि तोंडात. ड जीवनसत्त्व उन्हातून मिळालं तरी ते कामाला लागतं किडनीत शेवटचा संस्कार झाल्यावर. तो झाला नाही तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम उतरू लागलं, फॉस्फरस साठू लागला, की गळ्यातल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतात.

ती उपसणी जबड्यात दिसते, आणि मला या विषयातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. दाताच्या साध्या एक्स-रेत मुळाभोवती एक बारीक पांढरी रेघ असते. निरोगी माणसात ती स्पष्ट असते. हाडातलं कॅल्शियम ओसरू लागलं की ही रेघ पुसट होते, कधी नाहीशी होते. जबड्याचं हाड दुधी काचेतून पाहिल्यासारखं धूसर दिसतं. हिरड्या बऱ्या असूनही दात हलतात. काहींच्या जबड्यात गाठही येते. मुलं ती गाठ पाहतात आणि तुकडा काढून तपासायला पाठवायची घाई करतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ आणि जबड्यातली दुसरी एक निरुपद्रवी गाठ अगदी सारख्या दिसतात. फरक कळतो तो रक्तातल्या कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या तपासणीतून. ती न करता जबडा कापला तर दोष गळ्यात तसाच राहतो आणि गाठ परत येऊ शकते.

वर्गात मी चार्ल्स मार्टेल या अमेरिकी व्यापारी जहाजाच्या कप्तानाची हकीकत सांगते. त्याची हाडं ठिसूळ झाली, वारंवार मोडली, उंची इंचांनी घटली. १९२६ पासून त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया होत राहिल्या, पण वाढलेली ग्रंथी सापडेना. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीच्या पिंजऱ्यात सापडली. तोवर हाडांतून सुटलेल्या कॅल्शियमने त्याच्या मूत्रमार्गात खडे केले होते, आणि त्यांच्याच त्रासातून थोड्याच आठवड्यांत तो गेला. त्याचं दुखणं ग्रंथीत सुरू झालं आणि किडनीपर्यंत गेलं. आमच्या पेशंटांत बहुधा उलटं होतं, किडनीत सुरू होतं आणि ग्रंथीतून जबड्यापर्यंत येतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले, तिच्याकडे येते. दाढ दुखते. दवाखाना तालुक्याला. मग मेडिकलमधून 'दाढेची गोळी' आणली जाते : डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नाहीतर आयबुप्रोफेन. दोन दिवस बरं वाटतं. पुन्हा दुखतं, पुन्हा गोळी. किडलेली दाढ तोंडात आणि गोळ्या पोटात, असे महिनेच्या महिने जातात. किडनीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचं काम शरीरातली काही रसायनं करतात, आणि या गोळ्या नेमकी तीच रसायनं थांबवून दुखणं कमी करतात. तरुण, धडधाकट माणसाची किडनी चार दिवस हे सोसते. पण मधुमेह आहे, बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, मे महिन्याच्या उन्हात शेतात घाम गाळून पाणी पोटात नाही, अशा माणसाला याच गोळ्या थेट डायलिसिसपर्यंत नेऊ शकतात. दाढ काढणं किंवा तिची नस साफ करणं हा काही तासांचा उपचार आहे. किडनी एकदा गेली की गेली. दुखण्यावर किडनीच्या पेशंटला आम्ही पॅरासिटामॉल देतो, तेही बेताने, आणि प्रतिजैविकांचा डोस किडनीच्या कामाप्रमाणे ठरवतो.

डायलिसिसवर असलेल्या माणसाला अनेक ठिकाणी दात काढायला नकार मिळतो, आणि मला त्याचा फार राग येतो. उपचार शक्य आहे, फक्त वेळ पाहावी लागते. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. त्याचा असर काही तासांत उतरतो. म्हणून दाताचं काम दुसऱ्या दिवशी : तेव्हा हेपारिन गेलेलं असतं, आणि रक्तही नुकतंच साफ झालेलं असतं. युरिया वाढलेला असला की रक्तातल्या प्लेटलेट संख्येने पुरेशा असूनही नीट चिकटत नाहीत, त्यामुळे जखमेला टाके घालायचे आणि रक्त थांबेपर्यंत पेशंटला सोडायचं नाही. ज्या हातात डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेला आहे, त्या हातावर बीपीचा पट्टा बांधायचा नाही, सुई टोचायची नाही. हे एवढं सांभाळलं की काम सुखरूप होतं.

या लोकांना पाणी मोजून प्यावं लागतं, आणि त्याने तोंड सुकतं. साखर नसलेलं च्युइंगम किंवा तोंडात धरलेली वेलची लाळ आणते. बर्फ चघळला तर तो दिवसाच्या पाण्यात मोजावा.

प्रत्यारोपण ठरलं असेल तर आधी दात दाखवावेत. नंतर प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली असते, आणि मुळाशी दडलेला एवढासा पू तेव्हा जिवावर बेतू शकतो. प्रत्यारोपणानंतरच्या सायक्लोस्पोरिनने काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. अॅम्लोडिपिननेही तसं होऊ शकतं, आणि ती तर बीपीची घरोघरची गोळी. हिरड्या फुगल्या तर आपल्या मनाने गोळी बंद करू नका. फिजिशियन पर्यायी औषध देऊ शकतात.

संप्रेरकांच्या आजारांत मधुमेह सर्वांत मोठा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना तो आहे. हिरड्यांचा विकार ही मधुमेहाची सहावी गुंतागुंत आहे, असं हॅराल्ड लो या दंतवैद्यकातल्या संशोधकाने १९९३ मध्ये मांडलं. त्यानंतरच्या अभ्यासांतून उलट दिशाही दिसली : हिरड्यांची नीट सफाई केली तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सरासरी ०.३ ते ०.४ ने उतरतो. हा काही थोडा फायदा नव्हे. आणि किडनी निकामी होण्याचं मोठं कारण मधुमेहच, म्हणजे हिरड्यांची काळजी घेणारा माणूस किडनीचीही घेत असतो.

बाकीच्या ग्रंथींचे आजार त्यामानाने कमी, पण दिसले तर नजरेतून सुटता कामा नयेत. एका गृहस्थांची कवळी सारखी घट्ट होत होती. त्यांनी ती बदलून घेतली, तरी पुन्हा तेच. खालचा जबडा पुढे आला होता, जीभ मोठी झाली होती, बोटातली अंगठी कापून काढावी लागली होती. दोष पिट्युटरीच्या गाठीत होता. लेकराचे दात फार उशिरा येत असतील आणि उंचीही खुंटली असेल तर थायरॉइड पाहावं. गरोदरपणात हिरड्या सुजतात त्या बदललेल्या संप्रेरकांमुळे. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं हा समज खरा नाही, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात साफ करून घेणं अगदी सुरक्षित आहे.

त्या नाव नसलेल्या पुडीचं मात्र वेगळं सांगायला हवं. गुडघेदुखीवर, दम्यावर झटपट गुण देणाऱ्या अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. महिनोनमहिने ते बाहेरून मिळालं की शरीरातल्या अॅड्रिनल ग्रंथी आपलं काम सोडतात. मग पुडी अचानक थांबली आणि त्यात मोठ्या शस्त्रक्रियेचा किंवा जंतुसंसर्गाचा ताण आला, की रक्तदाब कोसळू शकतो. पेशंटला आपण काय खात होतो हेच ठाऊक नसतं. गोल झालेला चेहरा, कागदासारखी पातळ कातडी, जरा लागलं की उठणारे काळेनिळे डाग हे डॉक्टरलाच ओळखता यायला हवं, आणि ते पाहायला आधी तोंडाबाहेर नजर जायला हवी.  म्हणून मुलांनी हे शिकलंच पाहिजे, मग कोटा अपुरा राहिला तरी चालेल.

तुमच्याकडून काही गोष्टी हव्या आहेत. मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते. दाढ दुखली तर गोळीवर दिवस काढू नका. दाताच्या दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पुड्यांसकट, पिशवीत घालून न्या. डायलिसिस कोणत्या वारी असतं, फिस्टुला कोणत्या हाताला आहे, ते सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.