तोच मुलगा पुन्हा येतो तेव्हा

सोळा वर्षांचा मुलगा दुचाकी चोरताना दुसऱ्यांदा सापडला, की ठाण्यात लगेच ‘सराईत’ हा शब्द येतो. बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये मुलांसाठी अशी वर्गवारीच नाही. दुसऱ्या वेळीही कोठडी नाही, बेडी नाही. बालकल्याण पोलीस अधिकारी पालकांना व परिविक्षा अधिकाऱ्याला कळवतो आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे नेतो. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात; त्या दोघांत एक स्त्री असावीच लागते.

खरी कसोटी लागते ती जामिनाच्या वेळी. कलम 12 प्रमाणे मुलाला सोडणे हाच नियम. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हरेल, असे मानायला सबळ आधार असेल तरच जामीन नाकारता येतो, आणि तोही कारणे लिहून. ‘आधीही पकडला होता’ एवढे कारण पुरत नाही. पण जुनी नोंद एक प्रश्न जरूर विचारते: याला चोरीला पाठवतो कोण? तो माणूस त्याच गल्लीत राहत असेल, तर घरापेक्षा निरीक्षणगृह बरे. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. दुसऱ्या वेळी पोलिसांनी आधी त्याला शोधावे, असे मला ठामपणे वाटते.

परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत यायला हवा. त्या वेळी मागच्या खेपेचा आराखडा उघडून बघावा. शाळेत नाव घातले होते का? नशा सुटावी म्हणून उपचार मिळाले का? समुपदेशक भेटला का? यातले काहीच झाले नसेल, तर सगळा दोष मुलाच्या माथी मारणे अन्याय्य आहे.

वारंवार सापडला म्हणून खटला मोठ्यांच्या न्यायालयात जातो, हा समजही चुकीचा. त्यासाठी वय सोळा पूर्ण हवे आणि गुन्हा किमान सात वर्षांच्या शिक्षेचा हवा. तेव्हाही आधी मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते.

ओळखीतल्या कुणाचा मुलगा असा अडकला, तर आईवडिलांना एकटे सोडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावेच लागते.