जनमत कौल १९६७ : मतभेद आणि एकात्मता

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातल्या मतदारांसमोर एकच प्रश्न ठेवला गेला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा? विलीनीकरणाची खूण होती फूल आणि वेगळे राहण्याची खूण होती दोन पाने. या दोन खुणांवरून गावोगावी, वाड्यावाड्यांवर वाद झडले. त्या दिवसाला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. हा अंक हाती घेणाऱ्यांपैकी काहींच्या घरी तेव्हा फूल होते, काहींच्या घरी दोन पाने. म्हणून कोणाची बाजू बरोबर होती हा वाद येथे पुन्हा उकरून काढायचा नाही. इतका तीव्र मतभेद असलेला समाज निर्णयानंतरही एकत्र कसा नांदला, आणि देशाच्या एकात्मतेविषयी त्यातून काय शिकता येते, एवढेच पाहायचे आहे.

वादाची मुळे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा यांसारख्या नव्या काबिजादी यांचा इतिहास निरनिराळ्या रीतीने घडला होता. अनेक हिंदू कुटुंबांत घरात कोकणी बोलली जाई, तर पोथी, कीर्तन, नाटक आणि अक्षरओळख मराठीतून होई. ख्रिस्ती समाजात घरी व चर्चमध्ये कोकणी आणि कचेरीत पोर्तुगीज अशी वाटणी होती. भाषेच्या या प्रश्नाखाली जमिनीचा प्रश्न दडलेला होता. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार आणि त्याची शेती कसणारे कूळ यांना महाराष्ट्रात सामील होण्यात सुटकेची वाट दिसत होती. उलट, एवढासा गोवा मोठ्या राज्याचा एक दुर्लक्षित कोपरा होईल, नोकऱ्या जातील, दारूबंदी येईल, आपली वेगळी ओळख पुसली जाईल, ही भीती दुसऱ्या बाजूला होती. दोन्ही बाजूंच्या मागे खऱ्या माणसांचे खरे प्रश्न होते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. १९६५ च्या प्रारंभी विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. सत्ताधारी पक्षाचे म्हणणे सरळ होते : लोकांनी आम्हाला याच प्रश्नावर निवडून दिले आहे, तेव्हा आणखी काय विचारायचे? विरोधकांचे उत्तर असे की, निवडणुकीत मतदार उमेदवार पाहतो, जात पाहतो, जमिनीचा प्रश्न पाहतो; एका प्रदेशाचे भवितव्य कायमचे ठरवायचे असेल तर तोच एक प्रश्न स्वतंत्रपणे विचारला पाहिजे.

निवडणूक आणि कौल

या दोन भूमिकांतला फरक लोकशाहीच्या दृष्टीने मोलाचा आहे. निवडणुकीचा निकाल पाच वर्षांनी फिरवता येतो. आज हरलेला पक्ष उद्या जिंकू शकतो, आणि म्हणूनच तो हार सहन करतो. राज्याची सीमा मात्र एकदा बदलली की सहसा परत फिरत नाही. ज्या निर्णयातून माघार नाही, त्याला साध्या बहुमतापेक्षा अधिक भक्कम संमती लागते. गोमंतकीयांची इच्छा विचारात घेतली जाईल असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिले होते. त्याला अनुसरून १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच कायद्याने दमण आणि दीव येथील मतदारांनाही गुजरातेत विलीन व्हायचे की नाही हे विचारण्यात आले.

या प्रक्रियेची रचना नीट पाहण्यासारखी आहे. कौल कशावर आहे आणि तो कसा घ्यायचा, हे मतदानाच्या आधी कायद्याने ठरले होते. निकाल पाहून नियम बदलण्याला वाव नव्हता. प्रश्न सुटसुटीत होता आणि निरक्षर मतदारालाही कळेल अशा खुणा त्याला जोडल्या होत्या. मतदान गुप्त होते, त्यामुळे भाटकाराच्या नजरेखाली राहणाऱ्या मुंडकारालाही आपले मत आपल्यापाशी ठेवता येत होते. आणि सत्तेवरचा पक्षच या वादात एक पक्षकार असल्यामुळे, बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. हातातली सत्ता मतदानाआधी खाली ठेवणे सोपे नसते. विरोधकांची ती मागणी होती आणि ती मान्य झाली. त्यामुळे सरकारी यंत्रणा वापरून कौल जिंकला, असे पुढे कोणाला म्हणता आले नसते.

प्रचार अर्थातच तिखट झाला. त्यातली एक गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावी अशी आहे. विलीनीकरणाची बाजू ‘गोमन्तक’ या मराठी दैनिकातून मांडली जात होती, आणि विलीनीकरणाला कडाडून विरोध करणारे मडगावचे ‘राष्ट्रमत’ हेही मराठी दैनिकच होते. उदय भेंब्रे यांचे गाजलेले ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच येत असे. महाराष्ट्रात जावे हे मराठीत सांगितले जात होते आणि जाऊ नये हेही मराठीतच पटवून दिले जात होते. मराठी वाचणारा, मराठीवर प्रेम करणारा माणूस विलीनीकरणाच्या बाजूचाच असेल, हे गृहीत तेथेच खोटे ठरले होते.

निकाल आणि त्यानंतर

३ लाख ८८ हजार ४३२ मतदारांपैकी ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी मतदान केले, म्हणजे सुमारे ८२ टक्के. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ मते पडली, फुलाला १ लाख ३८ हजार १७०. फरक ३४ हजार २१ मतांचा. शंभरात पंचावन्न विरुद्ध पंचेचाळीस असा हा निकाल. जिंकणाऱ्यांना उन्माद चढावा आणि हरणाऱ्यांनी हाय खावी, असा पाच-दहा टक्क्यांचा हा खेळ होता. हरलेली बाजू थोडीथोडकी नव्हती. जवळजवळ निम्मा गोवा होता.

तरीही निकाल मान्य झाला. त्याहून बोलकी गोष्ट पुढे घडली. अवघ्या अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. ज्या मतदारांनी त्यांच्या पक्षाचे मुख्य उद्दिष्ट नाकारले, त्यांनीच त्यांच्या हाती राज्यकारभार दिला. बांदोडकरांनीही ज्या गोव्याचे वेगळेपण त्यांना नको होते, त्याच गोव्याचा कारभार चालवला. मराठी शाळा बंद पडल्या नाहीत, मराठी वृत्तपत्रे थांबली नाहीत, जत्रेतली मराठी नाटके चालूच राहिली.

कौलाने जे सुटले नाही

या घटनेचे गोडवे गाऊन थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. कौल सीमेविषयी होता, पण अनेकांनी तो भाषेविषयी मानला. जो प्रश्न विचारलाच नव्हता, त्याचे उत्तर मिळाल्याचे गृहीत धरले गेले, आणि भाषेचा वाद धुमसत राहिला. १९८६ च्या राजभाषा आंदोलनात हिंसाचार झाला, माणसांचे जीव गेले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामांसाठी मराठीच्या वापराचीही तरतूद केली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. या तडजोडीवर दोन्ही बाजूंची नाराजी आजही ऐकू येते. पण ती सभांतून, निवेदनांतून आणि लेखांतून ऐकू येते, हे १९८६ च्या तुलनेत कमी नाही.

दुसरी मर्यादा अशी की, मतमोजणीत जो कमी पडतो त्याचे रक्षण मतपेटी करत नाही. त्यासाठी राज्यघटनेत वेगळी तरतूद करावी लागली. अनुच्छेद २९ आणि ३० अल्पसंख्याकांना आपली भाषा जपण्याचा आणि शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतात. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगतो. बेळगाव, इंदूर, हैदराबाद, बडोदा येथे राहणाऱ्या मराठी माणसाला या कलमांचे मोल वेगळे सांगायला नको. बेळगावच्या सीमाभागात तर जनमत कौल झालाच नाही. तेथे १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला आणि २००४ मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कौल घेतला असता तर तेथील प्रश्न सुटलाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मात्र ज्यांच्याविषयी निर्णय होतो त्यांना आपले ऐकले गेले असे वाटले नाही, तर वाद पिढ्यान्पिढ्या चालतो, हे दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की दिसते.

देश एकसंध राहण्यासाठी सर्वांचे मत एक असावे लागत नाही. १९६७ च्या गोव्यात ते नव्हते. भाषा, राज्य आणि राष्ट्र ही तीन नाती वेगवेगळी आहेत, आणि एका नात्यात हार झाली म्हणून उरलेली दोन तुटत नाहीत, एवढी समज त्या पिढीने दाखवली. विजयी पक्षाने हरलेल्यांची भाषा आपली शत्रू मानू नये, आणि हरलेल्यांनी विजयी पक्षाला परका मानू नये, ही अपेक्षा साधी वाटते. ती १९८६ मध्ये मोडली, तेव्हा तिची किंमत कळली. फुलाच्या बाजूचे आणि दोन पानांच्या बाजूचे लोक दुसऱ्या दिवशी त्याच तिठ्यावर, त्याच बाजारात, त्याच देवळा-इगर्जीच्या वाटेवर एकमेकांना भेटणार होते. ते भेटले, आणि पुढच्या निवडणुकीची चर्चा करू लागले.