उभी मोटार

गेल्या आषाढांत एका रात्रीं आमच्या वडील वहिनींच्या छातींत कळ आली. दारांत मोटार होती, किल्ली खुंटीवर होती, चालविणारा पुतण्या जागा होता. परंतु मोटार चारदां आचके देऊन बंद पडली. वहिनींस अखेर शेजाऱ्यांच्या रिक्षांतून रुग्णालयांत नेलें. त्या बऱ्या होऊन घरीं आल्या, ही ईश्वराची कृपा.

दुसरे दिवशीं मिस्त्रीनें टाकींतील पेट्रोल काचेच्या बाटलींत काढून दाखविलें. त्यांत दोन थर स्पष्ट दिसत होते. खालचा थर पाणी आणि मद्यार्क यांचा होता. टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर फाटून पावसाचें पाणी आंत झिरपलें होतें.

आम्ही गोराईस खाडीच्या अलीकडे राहतों. पलीकडचें गोराई गांव नावेनें कांहीं मिनिटांवर. मोटारीनें जावयाचें तर भाईंदर-उत्तनचा लांब वळसा. त्यामुळें आमची मोटार बहुधा खाऱ्या वाऱ्यांत उभीच असे.

पेट्रोलांत मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळण्याचे आपल्याकडील आरंभींचे प्रयोग २००१ सालीं झाले. त्यांत मिरज व मनमाड हीं महाराष्ट्रांतील ठिकाणें होतीं. २००३ मध्यें शेंकडा ५ प्रमाणानें मिश्रण सुरू झालें. २०२२ मध्यें तें १० वर आणि २०२५ मध्यें २० वर गेलें. यांत ऊसकऱ्यांचें हित आहे व परदेशी तेलाचा खर्च वांचतो. म्हणून त्यास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. मात्र पदार्थाचा स्वभाव ओळखून वागलें पाहिजे.

पावसाळ्यांत मीठ जसें ओलावा धरतें तसाच मद्यार्कहि धरतो. कांहीं मर्यादेपर्यंत पाणी मिश्रणांत विरून राहतें. शेंकडा १० मद्यार्क असतां ही मर्यादा सुमारें अर्धा टक्का, २० असतां त्याहून अधिक. ती ओलांडली कीं मद्यार्क पेट्रोलची संगत सोडून पाण्यास मिळतो व दोघे तळाशीं बसतात. पंपाचें तोंड नेमकें तेथेंच असतें; धातूचे भागहि तेथेंच गंजतात. वर उरलेलें पेट्रोल हिणकस होतें. टर्बो इंजिनांत हवा दाबून भरलेली असल्यानें अशा पेट्रोलानें तें लवकर ठोके देऊं लागतें.

झाकण घट्ट असेल तर हवेंतील ओलावा फार सावकाश शिरतो. तेव्हां भयभीत होण्याचें कारण नाहीं. पण आमची दुसरी चूक अनेक घरीं होत असेल. दर रविवारीं पांच मिनिटें इंजिन चालू करून आम्ही कर्तव्य केल्याचें समाधान मानीत असूं. इंधन जळतांना पाणी उत्पन्न होतें. इंजिन पुरतें तापलें नाहीं तर तें वंगणाच्या तेलांत उतरतें. आणि मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा आंस त्याच तेलाच्या पातळ थरावर फिरत असतो.

म्हणून गृहस्थांनीं इतकें करावें : मोटार आठवड्यांतून एकदां अर्धा तास तरी रस्त्यावर चालवावी; ती फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी; मृगापूर्वीं झाकण तपासावें; तेल मैलांवर न मोजतां मुदतीवर बदलावें; आणि एप्रिल २०२३ पूर्वींची गाडी असल्यास तिला हें मिश्रण मानवतें काय, तें तिच्या माहितीपुस्तकांत पाहावें.

हल्लीं दर रविवारीं सकाळीं पुतण्या मोटार काढतो आणि वहिनी पुढें बसून उत्तनमार्गें गोराई गांवापर्यंत जाऊन येतात. येतांना ताजी भाजी आणतात. वैद्यांनीं त्यांनाहि फार वेळ बसून राहूं नका, असेंच सांगितलें आहे.