वारुळानंतरचा वाल्या

पुण्याजवळ महाळुंगे दोन आहेत. एक बालेवाडीच्या क्रीडासंकुलाशेजारचं, आता टॉवरांचं झालेलं. दुसरं खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, चाकण-तळेगाव रस्त्याच्या अंगाचं, बजाजच्या कारखान्याचं. हा लेख या दुसऱ्या महाळुंग्यापासून सुरू होतो. इथे शिफ्ट सुटली की रस्ता भरतो. एकाच टपरीवर लातूरचा, यवतमाळचा, बिहारचा, ओडिशाचा माणूस कटिंग घेत उभा असतो आणि कोण कुठून आला याची चौकशी कुणी फारशी करत नाही. तुरुंगातून सुटलेल्या आणि गावात तोंड दाखवायची हिंमत नसलेल्या माणसाला अशीच जागा बरी वाटणार. घोडं पेंड खातं ते पुढे. कंत्राटी कामावर नाव लावायचं तर आधार, पासबुक आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तुरुंगाच्या भिंतीपेक्षा हा कागद उंच.

या गावाभोवती धर्माचं शिक्षण देणाऱ्या संस्थांची मात्र कमतरता नाही. दक्षिणेला देहू आणि आळंदी. आळंदीत विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून कीर्तनकारांच्या पिढ्या बाहेर पडल्या. नगर रस्त्यावर रामवाडीला कॅथलिक धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी, १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आलेली. बिबवेवाडीत प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी, ती यवतमाळहून आली. रामवाडीपासून येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह चार-पाच किलोमीटरवर. म्हणजे माणसं घडवणारी ठिकाणं आणि माणसं कोंडणारं ठिकाण एकमेकांच्या शेजारात आहेत. कोंडलेल्यांची सेवा करायची तर काय शिकावं लागतं, हा माझा प्रश्न आहे.

कीर्तनकाराच्या पोतडीत या विषयावर एक हुकमी आख्यान असतं: वाल्या कोळी. नारद भेटतो, पापाचा वाटा घ्यायला बायकामुलं नकार देतात, वाल्या नामाला बसतो, अंगावर वारूळ चढतं, वाल्मीकी उठतो. श्रोते डोळे पुसतात. मी हे आख्यान लहानपणापासून ऐकत आलो आणि वारुळातून उठल्यावर दुसऱ्या दिवशी तो जेवला कुठे, ही शंका मला फार उशिरा आली. आख्यान नेमकं तिथे थांबतं. आमच्याकडची कारागृहसेवाही बहुधा तिथेच थांबते. दिवाळीचा फराळ, राखी, प्रवचन, भजनाची साथ हे सगळं आत पोचतं. अलीकडे कैद्यांच्या भजन-अभंग स्पर्धाही झाल्या. यातलं काही वाईट नाही. दिवसभर गिनती आणि बराक एवढंच ऐकणाऱ्या कानाला टाळ ऐकू येणं ही मोठी गोष्ट आहे. ‘गळाभेट’ या उपक्रमात कैद्याची मुलं जाळीच्या आड न राहता बापाच्या मांडीवर बसतात, ते तर प्रवचनाहून मोठं.

महाराष्ट्रात या कामाचा सर्वांत सुंदर वर्ग भरला तो धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ सालच्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. अठरा अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजींनी ते उतरवून घेतले म्हणून आज ‘गीता प्रवचने’ हातात आहे. बोलणारा आणि लिहिणारा दोघेही कैदी होते, हे आपण सहज विसरतो. वरून उपदेश करायला कुणी आलेलं नव्हतं. तेच जेवण, तेच कुलूप.

दुसरा वर्ग आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नातून १९३९ साली तिथे भिंतीविना वसाहत उभी राहिली. कैदी शेती करत आणि कुटुंबासह राहत. माडगूळच्या गदिमांसाठी ही शेजारचीच गोष्ट. तिच्यावर त्यांनी लिहिलेल्या कथेतून शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला. त्या चित्रपटात धर्मोपदेशक कुणी नाही. जेलरच गुरू, आणि त्याचा उपदेश म्हणजे नांगरट, पेरणी, बाजारात भाजी विकणं. मला तरी कारागृहसेवेचा याहून चांगला अभ्यासक्रम दिसलेला नाही.

रीतसर संघटना म्हणून हे काम उभं केलं ते कॅथलिकांनी. १९८१ साली कोट्टयमजवळच्या वडवातूर सेमिनरीत शिकणाऱ्या वर्गीस करिप्पेरी आणि फ्रान्सिस कोडियन या दोन विद्यार्थ्यांनी तुरुंगात जायला सुरुवात केली. त्यातून ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ वाढली. हे दोघे अजून पाद्री झालेले नव्हते. त्यामुळे तुरुंग हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग ठरला, दीक्षेनंतर करायचं दानधर्माचं काम राहिला नाही. पुढे त्रिशूरजवळ वेट्टुकाडला सुटलेल्यांसाठी घर उघडलं. आत जाणाऱ्याला बाहेरचं घर उघडावंच लागतं, हे त्यांना लवकर कळलं.

धर्मसेवकांच्या हातून झालेली दुसरी गोष्टही सांगायला हवी. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यासाठी सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. शाळा होती, दवाखाना होता, आणि हजेरीही होती. जो प्रार्थना सांगतो तोच हजेरी घेतो तेव्हा प्रार्थनेचं काय होतं? १९५२ साली ३१ ऑगस्टला तो कायदा गेला. नजर गेली नाही. पारध्याच्या पोराला अजून विचारा. तुरुंगात जाणाऱ्या प्रत्येक महाराजाला, फादरला, मौलानाला, भन्तेंना पहिल्या दिवशी सोलापूरचा धडा द्यावा असं मला वाटतं.

दुसरा धडा आकड्यांचा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. चारातले तीन. यांना ‘पश्चात्ताप करा’ म्हणणं अनेकदा चुकीच्या दारावरची थाप असते. कुणाचा वकील आलेला नसतो, कुणाला जामीन होऊन जामीनदार मिळालेला नसतो. शिक्षा झालेल्यांकडे जावं, तर संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांतला फरक ठाऊक नसलेला उपदेशक बराकीत निरुपयोगी. त्यापेक्षा अर्ज लिहून देणारा बरा. संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांविषयीचे २०१५ चे मंडेला नियम पात्र धर्मप्रतिनिधी नेमायला सांगतात, आणि समाजाचं कर्तव्य सुटकेबरोबर संपत नाही असंही बजावतात. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ, दुसरं नाही. आपल्याकडे सुटकेनंतरच्या मदतीला सरकारी कागदांत ‘अनुरक्षण’ असा भारदस्त शब्द आहे. सुटलेल्यांपैकी किती जणांना तो उच्चारता येतो, हे सोडून देऊ.

हे काम कसं करावं याचा नमुना मुंबईत आहे आणि तो धार्मिक नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’नं १९९० पासून प्रशिक्षित समाजकार्यकर्ते कोठडीत, कोर्टात, कारागृहात बसवले. सुटलेल्याला विद्यावेतन देऊन एखाद्या संस्थेत काम शिकायला पाठवलं. सवय मोडलेल्या माणसाला आधी रोज वेळेवर पोचण्याचा सराव लागतो, मग नोकरी. हे कुठल्याही पोथीत नाही, पण कुठलीही पोथी याच्या आड येत नाही.

दूरचा एक दाखला. अमेरिकेत लुइझियानाच्या अंगोला तुरुंगात १९९५ पासून न्यू ऑर्लिन्सच्या बाप्टिस्ट सेमिनरीनं कैद्यांसाठीच पदवी सुरू केली. जन्मठेप भोगणारे शिकले आणि इतर कैद्यांचे पाद्री झाले. मरणाऱ्याजवळ रात्रभर कोण बसणार, तर तेच. धुळ्याचं सूत्र पुन्हा दिसतं: आतला माणूस शिकला तर बाहेरून आणावा लागत नाही. येरवड्यात भजनाची बारी लावणारा जन्मठेपेचा कैदी सुटल्यावर आळंदीत चार वर्षं बसू शकेल का? बसला तर गाव त्याच्या कीर्तनाची सुपारी देईल का?

हा प्रश्न घेऊन मी यंदा पावसाळ्यात भामचंद्राच्या डोंगरावर गेलो. तुकोबांच्या साधनेची जागा. खाली चाकणचे पत्रे चमकतात, वर कपारीत वारकरी पोरं गाथा पाठ करतात. एका विशीतल्या पोराला विचारलं, जेलात कीर्तन करशील का? म्हणाला, “करू की, माउली. बोलावलं तर उद्या जाऊ.”

“आणि तिथला एखादा सुटून इथे राहायला आला तर?”

त्यानं गाथेत बोट घालून ती मिटली. खाली कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला. “मला चालेल,” तो म्हणाला. “पण बाकीच्यांना विचारावं लागंल. आणि आधी कुणी विचारायचं, त्याच्यावरच अडंल.”

मग त्यानं मला खाली उतरायची जवळची वाट दाखवली. शेवाळ होतं, म्हणून निम्म्यापर्यंत स्वतःही आला.