पॉवर मेटल आणि वाटेगावचा पोवाडा

अमेरिकेतल्या टॅम्पाच्या 'आइस्ड अर्थ' या पॉवर मेटल बँडने 'नाइट ऑफ द स्टॉर्मरायडर', 'समथिंग विकेड धिस वे कम्स' (१९९८) असे दमदार अल्बम दिले; पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम २००४ च्या 'द ग्लोरियस बर्डन'मध्ये आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या १८६३ च्या तीन दिवसांच्या लढाईवर तीन भागांची, अर्ध्या तासाहून लांब रचना! सातारा-सांगलीकरांनी तिला परकं समजू नये, हा सरळ पोवाडाच आहे. वाटेगावच्या (तेव्हा सातारा जिल्हा, आज सांगली) अण्णाभाऊ साठ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थेट स्टालिनग्राडवर पोवाडा रचला होता. म्हणजे दूरचं रणही आपल्या शाहिरीला वर्ज्य नव्हतं. बँडच्या रचनेतही तेच: वीरांची नावं, चढत जाणारा सूर, झीलकऱ्यांच्या जागी कोरस आणि डफाच्या जागी डबल बास ड्रम.

कुणी म्हणेल, पोवाड्यात शब्द कळतो, इथे नुसता गोंगाट. पण पॉवर मेटल ही मेटलमधली खुल्या गळ्याची शाखा. अल्बमचा गायक टिम ओवेन्सचा शब्द दोनदा ऐकला की लागतो. दुसरा आक्षेप जड आहे. अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक समोरच्या कामगाराला उठवायला गात होतं. अल्बम विकण्यासाठी निघतो. हे मान्यच, साम्य रचनेचं आहे, हेतूचं नाही. ऐकायला सुरुवात मात्र तिसऱ्या भागापासून करा, 'हाय वॉटर मार्क'. जनरल पिकेटची अयशस्वी चढाई त्यातच आहे.