मेमरी मोकळी, तरी जागा नाही: डॉसमधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल

आज एका जुन्या एरर मेसेजबद्दल बोलू: ‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’. एमएस-डॉस वापरलेल्यांना तो आठवत असेल. मशीनमध्ये शेकडो केबी मेमरी मोकळी, आणि तरी डॉस म्हणतो जागा नाही. असं कसं?

एन्व्हायर्नमेंट म्हणजे मेमरीतला एक छोटा तुकडा. डॉस २.० पासून, म्हणजे १९८३ पासून, तो आहे. त्यात ‘नाव=किंमत’ अशा नोंदी एकामागे एक ठेवलेल्या, प्रत्येकीच्या शेवटी एक शून्य बाइट, आणि सगळं संपलं की आणखी एक शून्य. बस्स, एवढंच. डॉस ५ आणि ६ मध्ये या तुकड्याला आपणहून मिळायचे फक्त २५६ बाइट.

आता साउंड ब्लास्टरची नोंद घ्या: ‘ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ टी४’. कार्ड कुठल्या पोर्टवर, कुठल्या इंटरप्टवर आहे, हे गेम इथूनच वाचायचे. इंग्रजीत लिहून मोजलं तर शेवटच्या शून्यासकट २२ बाइट गेले. शिवाय पाथ, प्रॉम्प्ट, कॉमस्पेक आहेतच. दोन कंपायलर टाकले की संपलं! आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट काही थांबायची नाही. मेसेज वर सरकून जायचा, पुढच्या ओळी चालायच्या, आणि गेम मुका का झाला हे कळायचंच नाही.

उपाय कॉन्फिग डॉट सिसमध्ये. ‘शेल=’ या ओळीत कमांड डॉट कॉमच्या पुढे ‘स्लॅश ई कोलन १०२४’ लिहायचं. सोबत ‘स्लॅश पी’ हवंच, नाहीतर ऑटोएक्झेक चालणारच नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. डॉस कुठलाही प्रोग्रॅम सुरू करताना त्याला या तुकड्याची प्रत देतो. मूळ नाही, झेरॉक्स. प्रोग्रॅमने त्यात काहीही खोडलं तरी मूळ तसंच राहतं. म्हणून टर्बो सीच्या मेनूतून डॉसमध्ये उतरून ‘सेट’ केलं आणि ‘एक्झिट’ मारलं, की ते व्हेरिएबल गेलं. कारण तिथे दुसराच कमांड डॉट कॉम चालू होता, स्वतःची प्रत घेऊन.

मग बॅच फाइलमधला ‘सेट’ टिकतो कसा? कारण ती फाइल तोच कमांड डॉट कॉम ओळीओळीने वाचतो, नवा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. युनिक्समध्ये नेमकं उलटं: स्क्रिप्ट सहसा वेगळ्या शेलमध्ये चालते, म्हणून तिथे ‘सोर्स’ म्हणावं लागतं. आजही एका टर्मिनलमध्ये ‘एक्सपोर्ट’ केलेलं शेजारच्या टर्मिनलला दिसत नाही, त्याचं कारणही ही झेरॉक्सच.

जाता जाता एक खोच सांगतो. ‘सेट’मध्ये बरोबरच्या चिन्हाआधी स्पेस सोडली, तर डॉस ती स्पेस नावातच धरतो. यादीत व्हेरिएबल डोळ्यांना अगदी बरोबर दिसतं, पण प्रोग्रॅमला ते सापडत नाही.